मॅसॅच्युसेट्समध्ये सेप्टिक फेल गेलं तर: १८,००० डॉलरपर्यंतचं टॅक्स क्रेडिट (माहिती आणि चर्चा)

ओवी_मास (धागाकर्ती)

घरखरेदीच्या धाग्यांवर सेप्टिकचा विषय अधूनमधून निघतो आणि तिथेच विरून जातो. कुणीतरी "स्टेटकडून पैसे परत मिळतात म्हणे" एवढं लिहितं, पण किती, कसे आणि कुणाला हे कुणीच सांगत नाही. आमच्या घराचं सेप्टिक पूर्ण बदलून झालंय आणि क्रेडिटही मिळायला लागलंय, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते.

वेस्टफर्ड, सडबरी, अॅक्टन, हॉपकिंटन या पट्ट्यात आपली पुष्कळ मंडळी आहेत. शाळा चांगल्या म्हणून आपण इथे घर घेतो. घर बघताना किचन, बेसमेंट, छप्पर सगळं निरखतो, पण अंगणाखाली काय पुरलंय ते कुणी विचारत नाही. सडबरीत जवळजवळ अख्खं गाव सेप्टिकवर आहे. गावाची ड्रेनेज लाइन नाही, त्यामुळे आपल्या घरचं सांडपाणी आपल्याच जमिनीत मुरवायचं आणि त्याची जबाबदारीही आपलीच.

नव्या मंडळींसाठी रचना थोडक्यात सांगते. घरातलं सगळं पाणी आधी टाकीत जातं. जड गाळ तळाशी बसतो, तेल-तूप वर तरंगतं आणि मधलं पाणी वाटप-पेटीतून (सगळे तिला डी-बॉक्स म्हणतात) जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांमध्ये जाऊन मातीत मुरतं. या मुरण्याच्या जागेला लीच फील्ड म्हणतात. टाकी फुटली किंवा डी-बॉक्स तडकला तर तो तुलनेने छोटा खर्च. लीच फील्डखालची माती चिकट थराने बुजली आणि पाणी घेईनाशी झाली, की मोठा खर्च. मग पाणी अंगणात वर येतं नाहीतर घरात उलटं येतं.

राज्याचा यासंबंधीचा नियम म्हणजे टायटल फाइव्ह. आजच्या स्वरूपात तो १९९५ पासून आहे. घर विकताना सेप्टिकची तपासणी लागते आणि ती विक्रीच्या आधीच्या दोन वर्षांतली चालते. दरवर्षी टाकी उपसल्याच्या पावत्या असतील तर तीन वर्षांपर्यंतची चालते. तपासणीत फेल ठरलं, तर साधारणपणे दोन वर्षांत दुरुस्त करावंच लागतं. आरोग्याला तातडीचा धोका असेल तर मुदत त्याहून कमी. घर विकायचं नसलं आणि पाणी वर आलं, तरी सुटका नाही.

आता पैशांचं. हे राज्याच्या इन्कम टॅक्समधलं क्रेडिट आहे, म्हणजे भरायच्या करातून थेट वजा होणारी रक्कम. शेड्यूल एससी या फॉर्मवर भरायचं. डिझाइन आणि बांधकामाच्या खर्चाच्या ६० टक्के रक्कम मिळते, पण खर्च जास्तीत जास्त ३०,००० डॉलरच धरतात. म्हणून कमाल १८,०००. एका वर्षात ४,००० पेक्षा जास्त घेता येत नाही. उरलेलं पुढच्या पाच वर्षांपर्यंत ओढत नेता येतं. तुमचा खर्च २४,००० असेल तर क्रेडिट १४,४००, म्हणजे तीन वर्षं चार-चार हजार आणि चौथ्या वर्षी २,४००. खर्च ४२,००० झाला तरी १८,०००च.

नेटवर अजून जुने आकडे फिरतात: ४० टक्के, कमाल ६,०००, वर्षाला १,५००. ते विसरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर मॉरा हीली यांनी करसवलतींच्या ज्या मोठ्या कायद्यावर सही केली, त्यात हे वाढलं आणि २०२३ च्या करवर्षापासून लागू झालं. आमच्या एका शेजाऱ्यांच्या टॅक्सवाल्याने त्यांना जुनाच आकडा सांगितला होता.

अटी मोजक्या आहेत. घर तुमच्या मालकीचं आणि तुमचं मुख्य राहतं घर हवं. भाड्याने दिलेलं किंवा उन्हाळ्यापुरतं घर चालत नाही. दुसऱ्या कुणाच्या रिटर्नवर तुम्ही डिपेंडंट (अवलंबून व्यक्ती) म्हणून येत असाल तर मिळत नाही. सिस्टीम फेल झालेली हवी. चांगली चाललेली सिस्टीम हौसेने बदलली तर हे क्रेडिट नाही. आणि काम झाल्यावर गावच्या बोर्ड ऑफ हेल्थकडून सर्टिफिकेट ऑफ कम्प्लायन्स (काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला) हवं. हा कागद सगळ्यात महत्त्वाचा. कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता हा कागद हातात आल्याशिवाय देऊ नका. करारातच तसं लिहून घ्या.

खर्च एवढा का होतो ते मला मातीच्या चाचणीच्या दिवशी कळलं. मागच्या अंगणात खड्डा खणून झाल्यावर तपासनीस आत उतरला. मातीचं ढेकूळ त्याने हातात चुरडलं, पाणी शिंपडून बोटांत चोळलं, मग रंगांच्या चौकटी असलेल्या एका छोट्या पुस्तकाशी ताडून पाहिलं. साधारण कमरेइतक्या खोलीवर मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसायला लागले. खड्डा कोरडा होता, तरी त्याने तिथेच खूण केली. पावसाळी महिन्यांत आणि बर्फ वितळताना भूजल इथवर चढतं, हे ते ठिपके सांगतात. लीच फील्डचा तळ या पातळीपासून किमान चार फूट वर हवा, आणि पाणी फार भरभर मुरणारी माती असेल तर पाच फूट. आमच्याकडे तेवढी जागा नव्हती. म्हणून बाहेरून वाळू आणून उंचवटा करावा लागला आणि पाणी वर चढवायला पंप बसवावा लागला. कोटेशनमधला मोठा भाग याच दोन गोष्टींचा होता. टाकी स्वस्त पडली.

कुणाला फेल रिपोर्ट आला असेल तर इथे विचारा. माहीत असेल ते सांगेन.

हर्षद७

ओवी, फारच वेळेवर धागा. आम्ही हॉपकिंटनजवळ एका घराचं अॅग्रीमेंट केलंय. परवा सेलरचा टायटल फाइव्ह रिपोर्ट आला: फेल. डी-बॉक्समध्ये पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या वर उभं आहे असं लिहिलंय. सेलर म्हणतो दुरुस्ती तुम्ही करा, मी पैसे एस्क्रोमध्ये (तिऱ्हाइताकडच्या राखीव खात्यात) ठेवतो. अशा वेळी क्रेडिट कुणाला? आणि आम्ही एच-१बीवर आहोत, त्याने फरक पडतो का?

शिरीष_एनई

मी रिटर्न्स करतो, म्हणून उत्तर देतो. व्हिसाचा संबंध नाही. मालकी, राहतं घर आणि डिपेंडंट नसणं, एवढंच बघतात.

एस्क्रोबद्दल मात्र नीट विचार करा. क्रेडिट तुम्ही केलेल्या खर्चावर आहे. सेलरच्या पैशांतून कॉन्ट्रॅक्टरला चेक गेला, तर तो खर्च तुमचा कसा म्हणणार? दुसरीकडे, दुरुस्ती होईपर्यंत सेलर ते घर सोडून गेलेला असतो, मालकीही त्याची नसते. म्हणजे क्रेडिट दोघांच्या मधल्या फटीत पडू शकतं. त्यापेक्षा दोन रस्ते स्वच्छ आहेत. सेलरने घरात राहत असतानाच दुरुस्ती पूर्ण करायची आणि क्रेडिट त्याने घ्यायचं. किंवा घराची किंमत तेवढी कमी करून घ्यायची, मग तुम्ही मालक म्हणून राहायला गेल्यावर स्वतःच्या पैशांनी काम करायचं. दुसऱ्या रस्त्याला तुमच्या बँकेची संमती लागेल. बऱ्याच बँका फेल सेप्टिक असलेल्या घरावर कर्ज देताना अंदाजपत्रकाच्या दीडपट रक्कम एस्क्रोमध्ये मागतात. लोन ऑफिसरशी आजच बोला.

सेलर क्रेडिटचा विचार न करता भाव लावत असेल, तर त्याच्या वकिलालाही ही माहिती द्या. त्याला १८,००० पर्यंत मिळणार असेल तर तो स्वतःच काम करून द्यायला तयार होईल.

अजून एक. दुरुस्तीसाठी सरकारी अनुदान किंवा व्याजात सूट मिळाली असेल, तर तेवढा भाग खर्चातून वजा करावा लागतो. शेड्यूलवर त्यासाठी जागा आहे.

रेवा_एस

फेडरल रिटर्नमध्ये काही मिळतं का?

शिरीष_एनई

लगेच काही नाही. राहत्या घराच्या दुरुस्तीची वजावट फेडरलमध्ये नसते. पण नवीन सेप्टिक सिस्टीम ही घराची सुधारणा धरली जाते. आयआरएसच्या (केंद्राच्या करखात्याच्या) घरविक्रीवरच्या ५२३ नंबरच्या पुस्तिकेत सुधारणांच्या यादीत तिचं नाव आहे. तो खर्च घराच्या बेसिसमध्ये (नफा मोजताना धरायच्या मूळ किमतीत) मिळवता येतो आणि पुढे घर विकताना करपात्र नफा तेवढा कमी होतो. एकट्याला २,५०,००० आणि जोडप्याला ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा तसाही माफ असतो, त्यामुळे पूर्वी कुणी या बिलांकडे बघत नसे. आता बॉस्टनच्या आसपास वीस वर्षांपूर्वी घेतलेली घरं पाच लाखांच्या वर नफा सहज दाखवतात. बिलं घर विकेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं जपून ठेवा.

गौरांगी

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, पण आपल्या लोकांना फार लागू आहे. सासू-सासरे सहा-सहा महिने येऊन राहतात म्हणून आम्ही बेसमेंटमध्ये एक बेडरूम काढायला गेलो आणि बोर्ड ऑफ हेल्थने अडवलं. सेप्टिकची क्षमता माणसांवर नाही, बेडरूमवर ठरते. एका बेडरूमला दिवसाला ११० गॅलन. चार बेडरूमचं घर म्हणजे ४४० गॅलनचं डिझाइन. पाचवी खोली वाढवायची तर सिस्टीम ५५० ची हवी. घरात दोघंच राहत असलात तरी हिशोब खोल्यांचाच.

ओवी_मास

गौरांगी, बरं झालं लिहिलंस. सेप्टिक बदलायची वेळ आलीच असेल तर इंजिनिअर डिझाइन करतानाच किती बेडरूम धरायच्या ते विचार करून ठरवावं. मागाहून वाढवायचं म्हणजे पुन्हा अंगण उकरणं.

आपल्या स्वयंपाकाबद्दलही सांगते. सिंकमधला कचरा दळणारा ग्राइंडर सेप्टिकवर वापरू नका. नियमातसुद्धा ग्राइंडर असेल तर दोन कप्प्यांची टाकी लागते. तळणीचं तेल, तूप काढल्यावर खाली राहिलेली बेरी, इडली-डोशाच्या पिठाची भांडी धुतलेलं घट्ट पाणी, चहाचा चोथा, हे सगळं टाकीत साठत जातं. गणपतीत घरी पन्नास माणसं जेवणार असतील तर खरकटं आधी कागदाने पुसून डब्यात टाका, मग भांडी धुवा. आणि त्या दिवशी वॉशिंग मशीन लावू नका. टाकीत गाळ खाली बसायला वेळ लागतो. एका दिवसात फार पाणी आलं की तो गाळ तसाच लीच फील्डमध्ये ढकलला जातो.

केपकर

मी केप कॉडवर राहतो. इथला प्रश्न आणखी गंभीर आहे. केपवरची सुमारे ८५ टक्के घरं सेप्टिकवर आहेत आणि जमीन सगळी रेताड. पाणी मुरतं झकास, पण साधी सेप्टिक सिस्टीम लघवीतलं नायट्रोजन अडवत नाही. ते भूजलातून खाड्यांमध्ये उतरतं, शेवाळ माजतं, तळाचं ईलग्रास (समुद्री गवत) मरतं आणि त्याच्या आसऱ्याने वाढणारे शिंपले-मासे कमी होतात. म्हणजे तपासणीत पास झालेली सिस्टीमसुद्धा खाडी मारत असते.

जुलै २०२३ पासून टायटल फाइव्हमध्ये यासाठी नवे नियम आले. गावाने संपूर्ण पाणलोटासाठी २० वर्षांची योजना करून परवाना घ्यायचा, नाहीतर तिथल्या घरमालकांनी पाच वर्षांत नायट्रोजन कमी करणाऱ्या सिस्टीम बसवायच्या. या सिस्टीमना वीज लागते, दरवर्षी देखभाल आणि पाण्याची चाचणी लागते. क्रेडिट मिळालंच तर बांधकामाच्या खर्चावर मिळतं. पुढे दरवर्षी येणाऱ्या खर्चाला काही नाही. इथे घर घ्यायच्या विचारात असाल तर गावाने परवान्याचा मार्ग घेतलाय का ते आधी विचारा.

लाँगआयलंडकर

न्यूयॉर्कमधल्या सफोक काउंटीचा अनुभव सांगतो, कारण अनुदान आणि क्रेडिट यांत काय फरक पडतो ते त्यात दिसतं. आमच्याकडे टॅक्स क्रेडिट नाही. काउंटीने २०१७ मध्ये नायट्रोजन कमी करणाऱ्या सिस्टीमसाठी अनुदान सुरू केलं. पैसे बहुतेक करून थेट कॉन्ट्रॅक्टरला जायचे, घरमालकाच्या हातात एक डॉलरही यायचा नाही. तरी २०२० मध्ये आयआरएसने हे अनुदान घरमालकाचं करपात्र उत्पन्न धरलं. पाणी सुधारावं म्हणून पुढे आलेल्या लोकांच्या घरी १०९९ चे (उत्पन्न कळवणारे) फॉर्म आले. माझ्या गल्लीतल्या दोघांनी त्या धसक्याने अर्ज मागे घेतला.

लोकांना नंतर कर भरावा लागेल अशी मदत अर्धीच पोचते. योजना आखतानाच हे बघायला हवं होतं. मॅसॅच्युसेट्सची पद्धत या बाबतीत मला चांगली वाटते.

विनय_क

माझं मत वेगळं आहे आणि मनापासून विचारतोय. मी समरव्हिलला अपार्टमेंटमध्ये राहतो. दर तिमाहीला पाणी आणि ड्रेनेजचं भरभक्कम बिल भरतो, मला त्यावर कसलंही क्रेडिट नाही. एक एकराचं अंगण असलेल्या घरमालकाचा खर्च राज्याने का उचलावा? छप्पर गळलं तर राज्य देत नाही, मग सेप्टिकला का?

ओवी_मास

विनय, प्रश्न रास्त आहे. मला उत्तर असं दिसतं. छप्पर गळलं तर माझंच घर भिजतं. लीच फील्ड फेल झालं तर शेजाऱ्याच्या विहिरीत जंतू आणि नायट्रेट जातात. आमच्या रस्त्यावर निम्म्या घरांना पिण्याचं पाणी स्वतःच्या बोअरचं आहे. नियमाने लीच फील्ड आणि विहीर यांत शंभर फूट अंतर लागतं, ते याच भीतीने. शिवाय छप्पर कधी बदलायचं ते मी ठरवते. सेप्टिकला कायदा मुदत घालतो.

दुसरं, शहरांच्या ड्रेनेजलाही सरकारी पैसा मिळालेला आहेच. १९७२ च्या क्लीन वॉटर अॅक्टखाली सांडपाणी प्रकल्पांच्या पात्र खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्र सरकार द्यायचं, पुढे तो ५५ टक्क्यांवर आला. त्या पैशांतून देशभर प्रकल्प उभे राहिले. सेप्टिकवरच्या गावांतले लोकही तेव्हा केंद्राचा कर भरतच होते. त्यांच्या अंगणात त्यातलं काही आलं नाही.

तुझं बिल जास्त आहे हे मला मान्य आहे. त्यावरही मदत असावी. पण त्यासाठी ही मदत काढून घ्यावी असं मला वाटत नाही.

विनय_क

विहिरीचा मुद्दा पटला. शहराबाहेर बरीच घरं स्वतःच्या बोअरचं पाणी पितात हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

मंजिरी_काकू

मी सहसा फक्त वाचते, पण आज लिहिते. आम्ही दोघं निवृत्त. यांची सोशल सिक्युरिटी आणि थोडी बचत, एवढंच उत्पन्न. मॅसॅच्युसेट्स सोशल सिक्युरिटीवर कर लावत नाही, त्यामुळे आम्हाला राज्याचा कर नगण्य येतो. गेल्या वर्षी सेप्टिक फेल झालं. टॅक्सवाल्या मुलीने क्रेडिटचा फॉर्म भरला आणि म्हणाली, "काकू, तुमचा करच एवढा कमी आहे की यातलं फारसं वापरता येणार नाही." पाच वर्षं ओढत नेलं तरी तेच. बाजूच्या घरात तरुण जोडपं आहे, दोघंही चांगल्या नोकरीत. त्यांना वर्षाला चार-चार हजार करत पूर्ण १८,००० मिळणार. मला त्यांचा हेवा नाही. पण गरज आम्हाला जास्त होती.

ओवी_मास

काकू, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. या क्रेडिटमधला सगळ्यात मोठा दोष हाच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. राज्याचा दर ५ टक्के. म्हणजे वर्षाला पूर्ण ४,००० वापरायचे तर करपात्र उत्पन्न ८०,००० तरी हवं. ज्यांचं त्याहून कमी, त्यांना तेवढं कमी. मदत गरजेच्या उलट्या दिशेने वाटली जाते. आणि जुनी घरं, जुन्या टाक्या कुणाकडे असतात? तिथेच तीस-चाळीस वर्षं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे.

दुसरी पद्धत राज्याला माहीत नाही असंही नाही. सीनियर सर्किट ब्रेकर हे ६५ आणि त्याहून जास्त वयाच्यांसाठीचं क्रेडिट कर शून्य असला तरी रोख परत मिळतं. २०२३ च्या त्याच कायद्याने त्याची कमाल रक्कम दुप्पट केली. एकाच कायद्यात एक क्रेडिट परत मिळणारं ठेवलं आणि सेप्टिकचं तसं केलं नाही. मी आमच्या स्टेट रेप्रेझेंटेटिव्हना हेच लिहिलंय: ठरावीक उत्पन्नाखालच्या घरमालकांसाठी टायटल फाइव्ह क्रेडिट परत मिळणारं करा. अजून पाच-पंचवीस पत्रं गेली तर त्याला वजन येईल. कुणाला मसुदा हवा असेल तर मला वेगळा निरोप पाठवून कळवा.

शिरीष_एनई

काकू, घरपट्टी आणि उत्पन्न यांच्या प्रमाणात सर्किट ब्रेकर तुम्हाला लागू होतो का ते त्या मुलीकडून नक्की तपासून घ्या. राहून गेलं असेल तर मागच्या तीन वर्षांचं रिटर्न दुरुस्त करून भरता येतं.

आणि इतरांसाठी: ज्यांना क्रेडिटचा उपयोग होत नाही त्यांनी काम सुरू करण्याआधी गावाच्या बेटरमेंट लोनची चौकशी करावी. राज्याच्या क्लीन वॉटर ट्रस्टकडून गावाला पैसे मिळतात, गाव घरमालकाला कमी व्याजाने देतं आणि परतफेड घरपट्टीच्या बिलातून होते, २० वर्षांपर्यंत. क्रेडिट स्कोअरची फारशी अडचण येत नाही, कारण कर्ज घरावर चढतं. सगळ्या गावांत योजना चालू नसते. बोर्ड ऑफ हेल्थला फोन करून विचारायचं. केपवर बार्न्स्टेबल काउंटीची स्वतःची कर्जयोजना आहे.

मंजिरी_काकू

सर्किट ब्रेकरचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं. उद्याच तिला फोन करते. ओवी, मसुदा मला पाठव. भिशीतल्या सगळ्यांच्या सह्या आणते.

वाईचा_नाना

तिकडची चर्चा वाचून राहवलं नाही. आमच्या वाईत जे झालं ते सांगतो. आपल्याकडे गावोगाव सेप्टिक टँक असतात, पण उपसायच्या कधी, तर तुंबल्यावर. मग टँकरवाल्याला फोन, तो मागेल ते पैसे, आणि मैला कुठे नेऊन ओतला हे विचारायचं नाही. बहुतेक वेळा ओढ्यात नाहीतर शेताच्या कडेला.

वाई आणि सिन्नर या दोन नगरपरिषदांनी २०१८ पासून वेगळी पद्धत सुरू केली. दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी ठरलेल्या वेळापत्रकाने उपसायची, वॉर्डामागून वॉर्ड. गाडी आली की दारात पैसे द्यायचे नाहीत, खर्च स्वच्छता करातून. मैला थेट प्रक्रिया केंद्रावर जातो. सुरुवातीला लोक कुरकुरले. टाकीवर फरशी घातलेली, झाकण सापडत नाही, संडास चालू आहे तर कशाला उपसायची, असं बरंच. पण टाकी तुंबायच्या आधी उपसली की पुढचा मोठा खर्च टळतो आणि कृष्णेत जाणारी घाणही कमी होते. आता आजूबाजूच्या गावांची माणसं बघायला येतात.

तुमच्याकडे बिघडल्यावर मदत देतात, आमच्याकडे बिघडू नये म्हणून सगळ्यांकडून थोडं थोडं घेतात. मला आमची पद्धत जास्त बरी वाटते. पुण्यात सोलर, गांडूळखत आणि पावसाचं पाणी साठवण्यासाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट आहे. तशीच नियमित उपसलेल्या, शोषखड्डा नीट असलेल्या टाकीला घरपट्टीत सूट दिली तर लोक स्वतःहून झाकण उघडून दाखवतील.

केपकर

नाना, इथल्या गावसभेत मांडण्यासारखं आहे हे. आमच्याकडे टाकी कधी उपसायची ते ज्याचं त्याच्यावर सोडलंय. सात-आठ वर्षं झाकण न उघडलेले शेजारी मला माहीत आहेत. गाळ टाकीतून पुढे गेला की लीच फील्ड गेलं, आणि टाकी उपसायचा खर्च नव्या लीच फील्डच्या शतांशाएवढा असतो.

हर्षद७

अपडेट देतो. शिरीष यांचं वाचून सेलरच्या वकिलाला क्रेडिटचं कळवलं. सेलर आता स्वतः दुरुस्ती करायला तयार आहे, क्लोजिंग (घर आमच्या नावावर होणं) दोन-तीन महिने पुढे जाईल. दरम्यान गौरांगीचा मुद्दा डोक्यात होता म्हणून टाउन हॉलमध्ये जाऊन बोर्ड ऑफ हेल्थची फाइल मागितली. काउंटरवरच काढून दाखवली. लिस्टिंगमध्ये घर चार बेडरूमचं आहे. सेप्टिकच्या मंजूर नकाशावर तीनच बेडरूम आहेत, ३३० गॅलन. चौथी खोली कुणीतरी मागाहून केलेली दिसते. आता काय करायचं?

गौरांगी

हर्षद, हे आत्ता कळलं हे उत्तमच. गाव तुम्हाला ती खोली बेडरूम म्हणून वापरू देणार नाही, किंवा डीडवर (घराच्या दस्तावर) तीन बेडरूमची मर्यादा नोंदवायला सांगेल. चार खोल्यांच्या किमतीत तीन खोल्यांचं घर घेऊ नका.

शिरीष_एनई

सेलरच्या इंजिनिअरने अजून नकाशा सादर केला नसेल तर लगेच थांबवा. मातीची चाचणी व्हायची आहे. जागेत ४४० गॅलन बसतं का ते त्याच खड्ड्यात कळेल, दुसऱ्यांदा खणायला नको. बसत असेल तर चार बेडरूमचं डिझाइन मंजूर करून द्यायचं हे अॅग्रीमेंटमध्ये लेखी घाला. बसत नसेल तर किंमत तीन बेडरूमची लावून पुन्हा बोला. आणि क्लोजिंगच्या कागदांत सर्टिफिकेट ऑफ कम्प्लायन्सची प्रत हवीच, त्यावर बेडरूमचा आकडा स्वतः वाचून बघा.

हर्षद७

चाचणी येत्या गुरुवारी आहे. मी सुट्टी टाकून तिथे उभा राहणार आहे. खड्ड्यात काय निघतं ते इथे लिहितो.